नारळ ओढणारी चिंबोरी

(करावे गाव, नव्वदीच्या दशकाची अखेर. नारळी पुनवेचा दुसरा दिवस, दुपार होत आलेली. बिल्डर केतनच्या बंगल्यामागे जमिनीत बांधलेला पोहण्याचा तलाव. गावातल्या विहिरी बुजल्या आणि त्यांच्या बदल्यात हा एक निघाला, तोही निळ्या लाद्यांचा. काठावर केतन आणि तलाव साफ करणारी मशीनं विकणाऱ्या कंपनीचा रणजीत. केतनची आई पुतळा तलावाच्या पायरीवर लसूण सोलत बसली आहे. लसूण कमी सोलते, ऐकते जास्त.)

केतन: हसू नको. हसायला नाय बोलावलं तुला.

रणजीत: हसत न्हाई साहेब. पण मशीन नारळ ओढत फिरतंय म्हंजी नेमकं कसं, ते तरी सांगा. पावणे गावातल्या आमच्या ऑफिसातनं निघालो तवाधरनं डोक्यात त्योच इचार चाललाय.

केतन: कसं म्हणजे काय? हे तुमचं इम्पोर्टेड मशीन तळाला फिरतंय आणि वर पाण्यावर एक नारळ त्याच्या मागून मागून फिरतोय. मशीन डावीकडे, नारळ डावीकडे. मशीन भिंतीवर चढलं की नारळ लादीवर टक टक टक. आमचा वॉचमन हौसेराव सकाळी बघून पळाला. बोलतो, शेठ, बंगल्यात काहीतरी आहे, मी रात्रीची ड्युटी नाय करणार.

रणजीत: आणि आता कुटं हाय मशीन?

केतन: ते बघ, कोपऱ्यात पडलंय. तासभर घरघरलं आणि बंद. आधीच सांगतो, माझी ही पहिली कम्प्लेंट नाय. लावलं त्या आठवड्यात हे भिंत चढून वर आलं, तोंड बाहेर काढलं आणि हवाच ओढत बसलं. मग अर्धा तलाव साफ करायचं, अर्धा सोडायचं. मग केबलला पीळ पडला. दर वेळी तू येतोस, चहा पितोस आणि बोलतोस, मशीन एकदम ओके आहे.

रणजीत: केबल उन्हात सरळ पसरून ठेवायची म्हणून मी सांगितलं हुतं, साहेब.

केतन: पावसाळ्यात ऊन कुठून आणू? ते पण इम्पोर्ट करू? हे बघ, आज जयप्रकाशशेठ येतायत. माझे पार्टनर. खाडीकडच्या नव्या बिल्डिंगखाली असाच पूल बांधायचा, असंच मशीन ठेवायचं, असं चाललंय आमचं. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, मग ऑर्डर. आज हे चाललं नाही तर तुझी पण ऑर्डर गेली, समजलं?

रणजीत: समजलं. थांबा, वर घेतो. हिसका न्हाई द्यायचा केबलला... हां. आला बाबा. मावशी, जरा पाय बाजूला घ्या, पाणी उडंल.

पुतळा: उडू दे. पान्यानं कोन मेलाय.

रणजीत: आता झाकण काढतो. ही आतली पिशवी. ह्यात सगळा गाळ येतो बघा. आयला... साहेब, हे बघितलं का?

केतन: काय आहे?

रणजीत: तांदूळ. झेंडूच्या पाकळ्या. नारळाच्या शेंडीचे केस. हा चमचम करतोय त्यो सोनेरी कागद. आणि हितं बघा, ब्रशाला लाल नाडा गुंडाळलाय घट्ट. त्याचं एक टोक ब्रशात, दुसरं नारळाला. मशीननं नाडा गिळला आन् नारळ दावं लावल्यागत मागनं आला.

केतन: माळ्यानं टाकला असणार. त्याला शंभर वेळा सांगितलं, देवाचं निर्माल्य तलावात नाय...

पुतळा: माल्याला कशाला बोलतोस? मी टाकला.

केतन: काय?

पुतळा: नारल. मी टाकला. काल पुनव होती.

केतन: आई, हा स्विमिंग पूल आहे!

पुतळा: मना दिसतोय ना. आंधली नाय झाली अजून.

केतन: अगं, नारळ खाडीला देतात. दर्याला देतात. लादीच्या खड्ड्याला कोण नारळ देतं?

पुतळा: ज्याची खाडी पोरानं बंद केली ती देते. आनि तुझ्या चिंबोरीला मी काय केलेलं नाय. मी पूजा केली, हात जोडलं, नारल सोडला. तीच आली आकडं पसरून नारल धरायला.

रणजीत: चिंबोरी म्हंजी?

केतन: खेकडा. आमची आई या मशीनला चिंबोरी बोलते.

रणजीत: नाव झ्याक हाय. आमच्या सायबांना सांगतो.

केतन: तू मशीन बघ. आई, तुला काही पाहिजे असलं की तू सरळ का नाय मागत? पूजेला जायचं होतं तर बोलायचं, गाडी दिली असती. मी तर आधीच बोललोय, सगळ्या बायकांना पुनवेला टेम्पो देतो. बसा टेम्पोत, वाशीच्या खाडीला जा, नारळ सोडा, येताना वडापाव खा. कोण आलं? कोणीच नाय.

पुतळा: टेम्पोत बसून परक्या गावच्या खाडीला नारल द्यायचा? आपली खाडी मागल्या दाराला असताना?

केतन: पाणी एकच आहे ते!

पुतळा: मग हे पन पानीच हाय. का ओरडतोस?

रणजीत: ह्यात बाकी मावशींचं बरोबर...

केतन: तू गप रे!

रणजीत: गप. नाडा कापतोय मी. पण साहेब, खाडी बंद केली म्हंजी कशी काय? खाडी काय नळ हाय व्हय?

पुतळा: मी सांगते तुला. ती बघ, त्या झाडांच्या पल्याड. पांढरी भिंत दिसते?

रणजीत: व्हय, दिसती की. चांगली उंच हाय.

पुतळा: तिच्या पल्याड बांध. बांधाच्या पल्याड खाडी. आमच्या गावच्या बाया त्या बांधावरनं चिखलात उतरायच्या. खुबं-शिंपल्या काढायच्या, कालवं फोडायच्या, पाटी भरली की डोक्यावर घेऊन बाजाराला. माझी सासू गेली त्या वाटेनं, मी गेली, आता काशी जाते, शकुबाई जाते. जायच्या. यानं पावसाच्या तोंडावर भिंत घातली. आता खाडीला जायचा तर मोठ्या रस्त्याला वलसा घालून, ट्रकांच्या मधनं. चिखलात उतरेपर्यंत भरती येते. आनि काल पुनवेला आख्खा गाव भिंतीजवल उभा.

केतन: आई, परत तेच नको. भिंत प्रोजेक्टची आहे. पझेशन होऊ दे, मग बघू, असं मी बोललोय ना?

पुतळा: मग काय बघशील? तवा आतमध्ये सोसायटी झालेली असंल. सोसायटीवाले काशीला वाट देतील?

केतन: हे बघ, मी काय वाईट नाय केलं कोणाचं. काशीमावशीचा पाय कालवानं कापला होता तेव्हा हॉस्पिटलात कोणी नेलं? मी. तिच्या पोराला साइटवर कामाला कोणी लावला? मी. मी तर बोलतो, कशाला जाता त्या चिखलात? गुडघ्यापर्यंत रुतायचं, हात फाडून घ्यायचे. जमाना बदलला. जमीन गेली, मिठागरं गेली, आपण रडत बसलो का? तू या बंगल्यात आरामात राहतेस ना?

पुतळा: राहते. तुझा बंगला चांगला हाय. मी कुठं वाईट बोलली? पन काशीनं चिखलात जायचा का नाय जायचा ते काशी ठरवंल. तिचं पोट हाय.

केतन: आणि माझं पोट? फ्लॅट घ्यायला लोक येतात. मुंबईची, शिकलेली लोकं. सॅम्पल फ्लॅट बघतात, बाल्कनीत उभी राहतात, आणि खालून बायका जातायत, चिखलानं भरलेल्या, डोक्यावर पाटी, पाटीतनं पाणी गळतंय. त्या मॅडमनं नाकाला रुमाल लावला माझ्यासमोर. मला विचारलं, रोजचंच आहे का हे?

पुतळा: तू काय बोलला?

केतन: काय बोलणार? बोललो, थोड्या दिवसांत बंद होईल.

पुतळा: ते पन तू बोलला. हसत बोलला असशील.

केतन: धंद्यात हसावं लागतं.

पुतळा: त्याच पाटीत घालून नेलाय तुला. घरात बघायला कोन नव्हता. पाटीत फडकं टाकायची, वर तुला झोपवायची, बांधावर पाटी ठेवायची नि मी खाली चिखलात. तू उठून रडलास की काशी धावायची, मी लांब असायची ना. येताना पाटीत खुबं असायची, मग तू कमरेला. त्या वासात तुला जेवडी झोप लागायची तेवडी तुझ्या त्या गार एशीत लागते का विचार तुझ्या बायकोला.

केतन: आता लहानपण नको काढू. जयप्रकाशशेठ निघालेत, पेजरवर मेसेज आलाय. रणजीत, झालं का?

रणजीत: झालं बघा. पिशवी धुतली, ब्रश मोकळा केला. त्यो नारळ तेवढा त्या पाणी ओढायच्या तोंडाशी अडकून बसलाय, काढतो. मावशी, हा घ्या तुमचा नारळ.

पुतळा: दिलेला नारल परत घेत नाय. टाक तिथंच.

रणजीत: साहेब?

केतन: माझ्याकडे दे! इकडे दे तो. हां. आता सोड मशीन.

रणजीत: सोडतो. मावशी, तेवढं पाय वर घ्या. मशीन चालू असताना पाण्यात माणूस नको, कंपनीचा नियमच हाय तसा.

पुतळा: असा नियम हाय?

रणजीत: एकदम कडक. करंट बारीक असतो, काय होत न्हाई, पण माणूस आत असला तर बटण दाबायचं न्हाई म्हंजी न्हाई. माझी नोकरी जाईल.

पुतळा: बरं झालं सांगितलंस. ही लसूण धर जरा.

रणजीत: धरतो, पण... मावशी! आवो मावशी, पायऱ्या उतरून कुटं निघाला? साहेब, ह्या आत चालल्या!

केतन: आई! लुगडं भिजलं सगळं! अगं, हा काय पोरखेळ? बाहेर ये!

पुतळा: थंड हाय पानी. वास कसला मारतंय याला? डोकं धरलं.

केतन: क्लोरीन आहे ते. ये वर, चल.

पुतळा: मासली नाय, शेवाल नाय, भरती नाय, ओहोटी नाय. मेलेलं पानी. तुझ्या त्या बाईला पन रुमाल लागंल इथं.

केतन: आई, मी हात जोडतो. पाहुणे येतायत. पार्टनर येतोय माझा. त्याच्यासमोर माझी आई लुगड्यासकट गळ्यापर्यंत पाण्यात उभी, काय तोंड दाखवू?

पुतळा: छातीपर्यंतच हाय. अजून पुढं जाऊ?

केतन: रणजीत, तू बटण दाब.

रणजीत: न्हाई साहेब.

केतन: मालक मी आहे मशीनचा!

रणजीत: मालक तुम्ही, पण बटण मी दाबणार हाय ना. मावशी आत असताना न्हाई जमायचं.

केतन: मग मी आत उतरतो आणि उचलून बाहेर काढतो हिला.

पुतळा: काढ. ओरडेन मी. तुझ्या बापाचा आवाज खाडीच्या पल्याड जायचा, माझा पन काय कमी नाय. आख्खा करावे गाव येईल. तसा येतच हाय म्हना.

केतन: कोण येतंय?

पुतळा: सगल्या. काशी, शकुबाई, वरच्या आलीतल्या, खालच्या आलीतल्या. मी सकाली घराघरात जाऊन सांगून आली. बोलली, ज्यांचा नारल काल र्‍हायला त्यांनी दुपारच्या भरतीला माझ्या तलावावर या. एक एक नारल, एक एक नाडा, मूठ मूठ तांदूल.

रणजीत: अरे देवा. माझी ऑर्डर.

केतन: तू हे मुद्दाम केलंस. आजच का? आज जयप्रकाशशेठ येणार हे तुला माहीत होतं.

पुतळा: हो, माहीत होतं. मुद्दामच केलं. मी काय लपून केलं?

केतन: ठीक आहे. मी पूल रिकामा करतो. पंप लावतो. तळ कोरडा ठणठणीत. मग टाका नारळ.

पुतळा: मग फोडू. लादीवर चांगला फुटंल.

केतन: गेटला कुलूप लावतो.

पुतळा: लाव. कुलूप लावायला तू चांगला शिकलास. पन तवा तुझ्या पार्टनरची गाडी पन बाहेरच र्‍हाईल, बायांच्या मधी. बरं वाटंल त्याला. वास घेईल जरा.

केतन: तुला मी काय कमी केलंय? सांग ना. काय कमी आहे तुला?

पुतळा: तू विचारलंस म्हनून सांगते. नायतर सांगनार नव्हती. काल पुनवेला मना कोनी बोलावलं नाय.

केतन: म्हणजे?

पुतळा: तुझा बाप गेला तवापासनं गावचा पयला नारल माझ्या हातनं जातो. गोटीरामची, तुझ्या बापाची होडी पयली उतरायची, म्हनून नारल पन आमचा पयला. तो गेल्यावर बाया बोलल्या, पुतलानंच सोडायचा. दर साली शकुबाई वाजत गाजत घरी यायची मना न्यायला. काल मी नवं लुगडं नेसून, नारलाला सोनेरी कागद लावून दारात बसली. कोन येत नाय. ऊन डोक्यावर आलं, भरती सुरू झाली, कोन येत नाय. मग मीच गेली. सगल्या तुझ्या भिंतीजवल उभ्या. मना बघितलं नि बोलायच्या थांबल्या. काशीनं माझ्याकडं बघितलं पन नाय. तिनं तिचा नारल उचलला नि भिंतीवर हानला. पानी गेलं खाली, चुन्यावरनं. त्याचा डाग असंल, जाऊन बघ.

केतन: काशीमावशीनं?

पुतळा: काशीनं. जी तुला बांधावर उचलायला धावायची तीच. नि मग त्या निघून गेल्या. मी एकलीच. हातात नारल. भिंतीवर हानू? भिंत माझ्या पोराची. घरी परत आनू? पुनवेचा नारल परत आनत नाय. मग चालत आली नि तुझ्या या खड्ड्यात सोडला. गपचूप सोडला, चोरासारखा. रागानं नाय सोडला. लाज वाटली म्हनून सोडला.

केतन: मला कोणी काय बोललं नाय.

पुतळा: तुझ्याशी कोन बोलनार? तू शेठ.

केतन: मग ती तुझ्यावर का चिडली? भिंत मी बांधली. माझ्याशी भांडायचं ना.

पुतळा: कारन शब्द माझा होता. विसरलास? खाडीकडचा तो प्लॉट आपल्या शेतीच्या बदल्यात सरकारकडनं मिलाला, साडेबारा टक्क्याचा. काशीचा नि शकुबाईचा तुकडा माझ्याला लागून. तुला तिन्ही एकत्र पायजे होते. त्या दोघी देत नव्हत्या, बोलत होत्या, वाट जाईल. तू मना बांधावर नेलंस. हातवारे करून दाखवलंस, आई, इथं बिल्डिंग, इथं बाग, नि ही वाट तशीच, तुझीच. मग मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसली. बोलली, काशी, पोरगा माझा हाय, वाट र्‍हाईल, माझा शब्द. माझ्या शब्दावर दोघींनी आंगठं दिलं. तुझ्यावर नाय दिलं.

केतन: तेव्हा वाट ठेवायचीच होती. खरंच ठेवायची होती. जयप्रकाशशेठ आले, ते बोलले, आधी भिंत घाला. गावाकडची बाजू दिसली नाय पाहिजे, मग रेट येतो.

पुतळा: दिसली नाय पायजे. आमी.

केतन: तसं नाय बोलले ते.

पुतळा: तू आत्ताच तसं बोलला.

रणजीत: साहेब, पेजर वाजतोय तुमचा.

केतन: वाजू दे!

रणजीत: बरं.

केतन: ऐक, आई. भिंतीला दार करतो. लोखंडी, चांगलं. सकाळी उघडायचं, संध्याकाळी बंद. चावी तुझ्याकडे. तू बोलशील तेव्हा उघडं. झालं? आता ये वर.

पुतळा: दार नको.

केतन: अगं, चावी तुझ्याकडे देतोय!

पुतळा: मी किती दिवस पुरनार? मी गेल्यावर चावी कोनाकडं? तुझ्याकडं. मग सोसायटीकडं. मग एक दिवस कोनीतरी चावी हरवंल. मना दार नको, कुलूप नको, हौसेराव पन नको तिथं दांडका घेऊन. भिंत पाड तेवडी. एक बाई पाटी घेऊन जाते नि दुसरी समोरनं येते, दोघींना एकमेकींना धक्का लागनार नाय तेवडी.

केतन: आणि जयप्रकाशशेठला काय सांगू?

पुतळा: सांग, आईनं मशीन बंद पाडलं. सांग, आमच्या गावात अशाच बाया हायेत. पटत असंल तर र्‍हा, नायतर जा. तू त्याच्याकडं भीक मागायला गेला होतास का? जमीन आपली. तो पैसे घेऊन आला, आपन जमीन घेऊन बसलो होतो. मग तू त्याच्यासमोर एवडा वाकून का चालतोस रे? तुझा बाप कोनासमोर वाकला नाय, जालं ओढताना सोडून.

केतन: बाबांना मधे आणू नको.

पुतळा: त्यांची राख खाडीलाच दिली. तूच दिलीस, त्याच बांधावरनं. वर्षानं एकदा नारल घेऊन तिथं जायचा, तेवडंच तर मागत होती मी त्यांच्याकडं जायला. त्या भिंतीच्या पल्याड तुझा बाप हाय, केतन.

रणजीत: साहेब... मी जरा बाहेर थांबू का?

केतन: नको. थांब इथंच. हिच्यावर लक्ष ठेव. पाय घसरेल, खाली लाद्या गुळगुळीत आहेत.

पुतळा: मना घसरायला काय झालंय? जन्म चिखलात गेला.

केतन: तू वर येणार नाहीस?

पुतळा: नाय.

केतन: कधीपर्यंत?

पुतळा: भिंत पडल्याचा आवाज येईपर्यंत. इथनं ऐकू येतो. बांधताना पन येत होता, रोज ऐकला मी.

केतन: गंगाराम मुकादमाची माणसं दिघ्याहून येतात. पुनवेची दोन दिवस सुट्टी दिलीय त्यांना. साइटवर कोणी नाय.

पुतळा: घन हाय ना?

केतन: घण आहे.

पुतळा: मग?

केतन: आये, तू पन ना... कुनाची आयस अशी नसंल. मना सगल्या गावात हसं करून ठेवशील. बस तिथंच! बस दिवसभर! मी जातो, बघू कोन मना अडवतंय. तो नारल कुठं ठेवला मी?

रणजीत: ह्यो बघा, खुर्चीवर. पण साहेब, जयप्रकाशशेठ आले तर मी काय सांगू त्यांना?

केतन: सांग, केतन भिंतीवर भेटेल.

रणजीत: गेले. मावशी, चपला पण न्हाई घातल्या त्यांनी. नारळ घिऊन तसंच गेले.

पुतळा: जाऊ दे. बांधावर चपला घालत नायत.

रणजीत: तुमाला थंडी न्हाई वाजत? टॉवेल आणू?

पुतळा: नको. तू पोहतोस का रे?

रणजीत: कुटलं! आमच्या साताऱ्याकडं विहिरीत ढकलून शिकवत्यात. मला ढकललं, तसा मी बाहेर आलो त्यो पुन्ना पाण्यात पाय घातला न्हाई. आमच्या सायबांना न्हाई सांगितलं ते. तलावाची मशीनं ईकणाऱ्याला पोहता येत न्हाई म्हणल्यावर कसं दिसंल?

पुतळा: नाय सांगत कोनाला. त्या खुर्चीवर उभा र्‍हा. भिंत दिसते?

रणजीत: दिसती. बायका पण दिसत्यात, मावशी. ताटं घिऊन चालल्यात. हिकडंच येतायत का? न्हाई, थांबल्या. भिंतीपाशी थांबल्या सगळ्या. साहेब पोचले तिथं.

पुतळा: काशी हाय का? पुढं असंल, हिरवं लुगडं.

रणजीत: हाय. साहेबांच्या समोरच उभी हाय. साहेब काहीतरी बोलतायत तिला. खाली बघून बोलतायत. ती भिंतीकडं बोट दाखवती.

पुतळा: मग?

रणजीत: साहेबांनी नारळ तिच्या हातात दिला. घण उचलला. आयला, जड हाय, झोकांडी गेली... मारला!

पुतळा: आला आवाज.

रणजीत: ऐकलात? परत मारला. परत. प्लास्टर उडालं बघा. मावशी, भिंत आतनं लय पक्की दिसती.

पुतळा: पक्कीच हाय. त्यानंच बांधलीय. तोंडावर फडकं बांधायला सांगायला पायजे होतं, लहानपनापासनं त्याला धुलीनं खोकला होतो.

रणजीत: अहो, गेटला मोटार आली! पांढरी. हौसेराव पळतोय. जयप्रकाशशेठ असणार. मावशी, आता तरी वर या, मला बटण तरी दाबू द्या. भिंतीला सुरवात झाली की.

पुतळा: भोक पडलं?

रणजीत: पडलं. एक वीट गेली. दोन गेल्या. हातभर भोक झालंय. पलीकडचं पाणी दिसाय लागलंय बघा. चमकतंय.

पुतळा: भरती आली म्हनजे. पाटी घेऊन बाई जाईल त्यातनं?

रणजीत: न्हाई जायची अजून. आन् साहेब थांबलेत. मोटारीकडं बघतायत. कपाळाचा घाम पुसतायत. आता तुमच्याकडं बघतायत, मावशी. हात करून विचारतायत काहीतरी.

पुतळा: मग सांग त्याला, आई अजून पान्यातच हाय.